उंबऱ्यावरचा पियानो

मल्लावी, ४ मार्च

विदाद,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण पहिली ओळ वाचून फाड. आपल्या आजोबांची चाल मोडायला निघालेत.

आता वाचशील.

फोन तू उचलत नाहीस. लावला की आतली बाई म्हणते, नंबर लागत नाही. लागत नाही म्हणजे तू अडवलायस, एवढं मला कळतं. म्हणून कागद. मी शाळेत चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं. चुका काढत बसू नकोस.

तर असं आहे. ईस्टरच्या पहाटे कैरोहून माणसं येणार आहेत आपल्या चर्चच्या मंडळीत, यंत्रं घेऊन. आपल्या सईद, या दक्षिणेकडच्या भागातली जुनी गीतं पियानोवर वाजवून रेकॉर्ड करायची आणि सगळ्या इंजिली, प्रोटेस्टंट मंडळ्यांना वाटायची. वाजवणार मी, बसवली मी. हो, मीच. मिशनच्या शाळेत स्वयंपाकघरात भांडी घासायला होते आणि पियानोवरची धूळ पुसता पुसता शिकले, तीच. दिवसभर तुर्शीच्या, आंबवलेल्या भाज्यांच्या बरण्या भरते, बोटांना व्हिनेगरचा वास असतो, आणि संध्याकाळी तीच बोटं पियानोवर. पाळकसाहेबांच्या बायकोला तो वास आवडत नाही. तिने दुसऱ्या बाकावर बसावं.

बाकीची गीतं बसली. अडलंय ते आजोबांचं. 'दगड कोणी लोटला.'

तुझ्या नवऱ्याला, वगीहला माहीत नसेल तर त्याला वाचून दाखव. आमचे आजोबा आंधळे होते. तुमच्याच जुन्या कोप्ट मंडळीत गायनाचे म्होरके, अरीफ. मग शुभवर्तमान ऐकून इकडे आले. तिकडच्यांनी घर सोडायला लावलं, इकडच्यांनी लगेच घर दिलं नाही. बरोबर काय आणलं, तर एक चाल. तिच्यावर शब्द इकडे बसवले. प्रभूच्या कबरीपाशी पहाटे गेलेल्या बायांचं गाणं. 'दगड कोणी लोटला, बायांनो, दगड कोणी लोटला, पहाट अजून काळी, दगड कोणी लोटला.' आई भाकरी उन्हात फुगायला ठेवताना म्हणायची ते.

त्या 'कोणी'वरचा सूर पियानोत नाही. खरंच नाही. पांढरी पट्टी दाबली की गाणं हसायला लागतं. तिच्या शेजारची काळी दाबली की रडायला लागतं. आजोबांचा सूर त्या दोघींच्या मधे कुठेतरी आहे, जिथे नुसतं लाकूड आहे.

पाळक रिफअत म्हणतात, "सामिहाबाई, पांढरी वाजवा की. सणाचा दिवस आहे, लोकांना आनंदच हवा."

मी म्हटलं, "साहेब, त्या बायांना अजून कळलेलंच नाही काही. दगड सरकलेला दिसला, बस. प्रभू उठला हे कोणी सांगितलंय त्यांना? त्यांना आत्ताच कशाला हसवताय?"

"मग काळी वाजवा."

"रडून झालंय त्यांचं. शुक्रवारीच झालं, क्रूसापाशी."

मग म्हणाले, लग्नात वाजतो तो विजेचा ऑर्ग आणू, त्याला बटण असतं, दाबलं की मधला सूर येतो. विदाद, बटण! आजोबांना बटणात घालणार.

आणि एकदा पांढऱ्यावर रेकॉर्ड झालं की संपलं. पोरं त्यावरूनच शिकतील. पुढच्या वर्षी कोणी बरोबर म्हटलं तर पोरं म्हणतील, म्हातारी बेसूर झाली.

तुझ्या लग्नात मी बोलले ते बोलले. तू तुमच्या अबूनांकडून, त्या पुरोहिताकडून, पुन्हा बाप्तिस्मा घेतलास म्हणून विचारलं, की आईच्या मांडीवर झाला तो काय नळाच्या पाण्याचा होता? आणि तू म्हणालीस, तुझ्या पियानोवर प्रार्थना होत नाही, पाहुण्यांची सरबराई होते. फिटंफाट. मी माफी मागत नाही, तूही मागू नकोस. कामाचं बोलू. तुझा गळा आईचा आहे. ती एक ओळ फोनवर म्हण आणि पाठव. बाकी काही बोलू नकोस हवं तर.

सामिहा


१८ मार्च

विदाद,

काही आलं नाही तुझ्याकडून. बरं. मी कोणासाठी थांबत नाही.

कैरोहून हागोपकाकांना बोलावलं, आर्मेनियन, पियानोचे सूर लावतात ते. अजून जिवंत आहेत. जिना चढताना प्रत्येक पायरीला एक शिवी, पण पियानो उघडला की देवळात आल्यासारखे गप्प. मी म्हटलं, "काका, ही पांढरी पट्टी थोडी उतरवा."

"थोडी म्हणजे किती?"

"थोडी म्हणजे थोडी. मीठ घालताना किती घालता?"

"मी स्वयंपाक करत नाही, बाई. बायको करते. आणि नेहमी खारट करते."

शेवटी मी गुणगुणत बसले आणि ते किल्ली फिरवत बसले. एका पट्टीला आत तीन-तीन तारा असतात, सगळ्या सारख्या उतरवाव्या लागतात. झालं. मी आजोबांचं गीत वाजवलं, मला बरं वाटलं. अंगावर काटा वगैरे आला. मूर्ख बाई.

रविवारी काय झालं ऐक. हस. तू हसणारच. उपासना सुरू झाली, पहिलं गीत मिशनवाल्यांनी आणलेलं, सरळ युरोपातलं. आणि ती उतरवलेली पट्टी त्यात पावलोपावली. माझ्या डोक्यातच आलं नाही! वर्षानुवर्षं वाजवतेय, आणि हे सुचलं नाही की ती पट्टी काही एकट्या आजोबांची नाही, सगळ्या गीतांच्या वाटेवर आहे. पहिल्या ओळीला लोकांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या ओळीला उंटाला उचकी लागल्यासारखं झालं. दानाची थैली फिरवणारा माणूस मधेच उभा राहिला, त्याला वाटलं मी आजारी पडले. मी थांबले नाही. थांबले असते तर अजून वाईट दिसलं असतं. कडव्यामागून कडवं, सगळं उचकीसकट वाजवलं आणि आमेनही वाजवलं.

नंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. चिडले की ते हळू बोलतात. "सामिहाबाई, असा अजून एक रविवार झाला तर ऑर्ग येईल. तो तुम्ही वाजवा, नाहीतर बाकावर बसा."

ते चालेल. बोलणी मी खाते. पण खरं लागलं ते पुढेच. बहिया मावशी आठवते? आजोबांच्या शेजारी बसून गायची, आता दात नाहीत, जीभ आहे. तिला मी मुद्दाम थांबवून घेतलं, सगळे गेल्यावर आजोबांचं गीत ऐकवलं. ती म्हणाली, "पोरी, हे अरीफचं नव्हे. हे वरातीतलं आहे."

"अगं पण मधलाच सूर आहे!"

"मधला आहे. पण ज्या मधला हवा त्या मधला नाही."

मी म्हटलं, तू म्हण. तिने म्हटलं. श्वास पुरत नाही तिला, सूर दाराच्या पडद्यासारखा हलतो, त्यावर काही लावता येत नाही. पण एवढं कळलं की माझा वर होता. मी पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा वर. मग नुसतं गुणगुणून बघितलं, डोळे मिटून, जसं लहानपणी. वर. पांढऱ्या पट्टीकडे आपोआप चढतो, बकरी घराकडे जाते तसा.

विदाद, माझा कानच सरळ झालाय. एवढी वर्षं पियानो वाजवून. मला आईचा आवाज आठवतो, तोसुद्धा आता पियानोसारखा आठवतो.

हागोपकाकांनी तार पूर्ववत केली. जाताना म्हणाले, "तार मी कुठेही नेऊन ठेवतो, बाई. कुठे ते सांगणारं माणूस आणा."

तू तिकडे असयुतला अशा चर्चमधे गातेस जिथे झांज आणि लोखंडी त्रिकोण सोडून काही नाही. तुझा कान कोणी सरळ केलेला नाही. तूच एक उरलीस. मला हे लिहायला आवडत नाही, पण असंच आहे.

सामिहा


१ एप्रिल

तुझी चिठ्ठी आली. एवढ्या दोन पत्रांना एवढीशी चिठ्ठी! "आजोबांचा सूर आमच्याकडे दर शुक्रवारी लागतो. ऐकायचा तर पायाने ये. देवाचं गाणं मी फोनवर म्हणत नाही."

बोललीस. वगीहने सांगितलं लिहायला की तुझं तूच?

मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. आमच्या आजोबांना त्याच दारातून बाहेर काढलं होतं. आणि तुमचे अबूना मला बघून काय म्हणतील, ही आली, आता हिलाही बुडवा पाण्यात.

चिठ्ठीबरोबर उपवासाची बिस्किटं पाठवलीस. तूप नाही, दूध नाही, नुसतं तेल. ही काय बिस्किटं? कोंबड्यांना घातली.

सामिहा


१३ एप्रिल

विदाद,

काल मी आले होते.

तू मला पाहिलं नाहीस. मागच्या खांबाआड उभी होते, बायकांच्या बाजूला. पहिल्या गाडीने आले, असयुतच्या स्टेशनावर चहा घेतला, मनात म्हटलं परत जावं, आणि चहा संपेपर्यंत पाय चालायला लागले होते. दारात एका बाईने मला डोक्यावर घ्यायला रुमाल दिला. विचारलंसुद्धा नाही कुठली म्हणून. मी तिला म्हटलं, मी इंजिली आहे. ती म्हणाली, "बरं, पण पुढे सरका, दार अडतंय."

उदबत्तीने, म्हणजे तुमच्या त्या धुपाने डोळे चुरचुरले. रडले नाही. सांगून ठेवते.

झांज सुरू झाली तेव्हा मला हसू आलं, एवढंसं वाजवून देवाला बोलावतात! आणि मग बायका गायला लागल्या. मी त्या सुराची वाट बघत होते, आता येईल, मग येईल. आणि तो आलाच होता. पहिल्यापासून होता. सगळं त्याच्यावरच उभं होतं. कोणी जरा वर, कोणी जरा खाली, पण चुकत कोणीच नव्हतं. मला वाटायचं तो सूर म्हणजे आजोबांची एक खोड. ती खोड नव्हती. ते घर होतं त्यांचं. तिथून ते एकटे निघाले आणि अख्ख्या घरातली एक वीट खिशात घालून आणली.

तुझा आवाज मी शोधून काढला. पुढून तिसऱ्या ओळीत होतीस. तो पिवळट रुमाल तुला शोभत नाही.

आमेन मी म्हटलं नाही. एकदा सवयीने निघालं.

बाहेर आल्यावर तुला हाक मारणार होते. तू कोणाशी तरी हसत होतीस. मी गाडी पकडली.

आणि मग काय झालं ते ऐक. मी सूर घेऊन निघाले होते, असा, तोंडात घट्ट धरून. गाडीत बसून गुणगुणत राहिले. शेजारच्या माणसाने उठून दुसरी जागा घेतली. तिळाचे कडे-पाव विकणारा आला, "सिमीत, सिमीत," त्याचा सूर वेगळा. इंजिनाची शिटी वेगळी. मी कानात बोटं घालून गुणगुणतेय. देरूतपर्यंत शाबूत होता. मल्लावीला उतरले, धावत चर्चमधे गेले, पियानोचं झाकण उघडलं, म्हटला, आणि तो सरळ झाला होता. रस्त्यात कुठे सांडला देव जाणे.

फोनवर चोरून उतरवून घेतलं होतं, खोटं कशाला बोलू. हागोपकाकांना कैरोला पाठवून ऐकवलं. म्हणाले, "हे सगळं गाणं वेगळ्या उंचीवर आहे, बाई. आणि उपयोग नाही. माणसाने या पियानोचा खालचा सूर ऐकायचा आणि त्यावर उभं राहून तो सूर लावायचा. तरच मी तार तिथे नेणार."

म्हणजे तू. इथे. पियानोपाशी.

थांब, फाडू नकोस, अजून आहे. मी काम करून ठेवलंय. आजोबांचं गीत मी हलवलं, जरा वरून सुरू केलं, म्हणजे तो मधला सूर पांढऱ्या पट्टीवर न येता एका काळ्या पट्टीवर येतो. आता ती काळी उतरवायची. पण बाकीच्या गीतांत तीही लागते. तर मी बाकीची सगळी पुन्हा बसवली. सगळी. त्या एका काळ्या पट्टीला बोट न लावता. कोणाची सुरुवात बदलली, कोणाचा डावा हात मोडून परत जोडला. रोज तुर्शी भरून झाली की तेच. एक गीत तर मला इतकं आवडायचं तसं, त्याचा शेवट आता वेगळा झाला. होऊ दे. एकदा बोट चुकून तिकडे गेलं की मी स्वतःच्या हाताला चापट मारते. ती पट्टी आता कोणाची नाही. आजोबांची आहे.

तुला माहीत आहे मला तोंडाने प्रार्थना जमत नाही. पाळकसाहेब म्हणतात, सामिहाबाई, आज प्रार्थना तुम्ही चालवा. मी उभी राहते, "प्रभू, आभार, आमेन," आणि बसते. लोक हसतात. पण त्या बायांच्या गाण्यात मी डाव्या हाताला खाली फक्त दोन जाड सूर ठेवलेत, लांब लांब, त्यांची पावलं. मातीत उठतात तशी. त्यांच्यावर दुसरं काही घातलेलं नाही, कारण त्या सुराखाली काही घातलं की तो दबतो. ते शोधायला मला किती वेळ लागला, तेवढा वेळ मी देवाशी बोलत होते. ही पाहुण्यांची सरबराई असेल तर असू दे. पाहुणा तोच आहे.

लाजरसच्या शनिवारी ये. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी. पुढचा आठवडा तुम्ही लोक चर्चमधून हलत नाही, मला माहीत आहे. हागोपकाकांना तोच दिवस सांगितलाय. नाही आलीस तर ईस्टरला मी ते गीत वाजवणार नाही. पांढऱ्यावरही नाही, काळ्यावरही नाही. पाळकसाहेबांना तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, मग ऑर्गवाला वाजवेल. म्हणजे आता बघ तू.

सामिहा


२४ एप्रिल

चिठ्ठी मिळाली. "अबूनांना शब्द दिलाय, तुमच्या चर्चच्या आत मी येणार नाही. फार तर दारापर्यंत."

दारापर्यंत ये. बाकीचं मी बघते.

सा.


६ मे, ईस्टरनंतरचा सोमवार

विदाद,

आज शम्म एन-नसीम, वसंताचा सण, सगळं गाव खारवलेले मासे आणि कांदे घेऊन नदीवर गेलंय. मी घरात. तुला लिहून झाल्याशिवाय मासा नाही.

तू गेल्यावरचं सांगायचंय. तू होतीस तेवढं तू बघितलंस. पण तू येण्याआधी काय झालं तेही तुला माहीत नाही, म्हणून सांगते. तू आत येणार नाहीस म्हटल्यावर मी सकाळी बहिया मावशीच्या नातवांना धरून आणलं आणि म्हटलं, पियानो ढकला. दारापर्यंत. हागोपकाका मधे आडवे झाले. "बाई, हा पियानो आहे, गाढव नाही! ढकलला की सगळे सूर हलतात!"

"मग सगळे पुन्हा लावा. पैसे घेता ना?"

अर्ध्या वाटेत एक चाक तुटलं. फरशी फुटली. उंबऱ्याला येऊन असा टेकला की पुढे नाही, मागे नाही. तेवढ्यात तू रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसलीस, त्याच पिवळट रुमालात. पियानो दारात बघून थांबलीस. मला वाटलं, वळतेस आता.

तू म्हणालीस, "हा काय स्वागताला आलाय का?"

मी म्हटलं, "तू आत येईनास, तो बाहेर आला. त्याला अबूना नाहीत."

बहिया मावशीने तुला पायरीवर खुर्ची दिली, तू बसली नाहीस. बरं केलंस, आई उभ्यानेच म्हणायची. मी खालचा सूर दिला. तू डोळे मिटलेस आणि 'कोणी' म्हणालीस. मी सगळं गाणं विसरले. हागोपकाका किल्ली फिरवत होते, तू तोच सूर पुन्हा पुन्हा. "अजून. अजून खाली. थांबा! हे आजोबा नव्हेत, हे वगीहचे काका." तेव्हा हागोपकाका हसले, मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग परत. एक तार, दुसरी तार, तिसरी तार. आणि मग तुझा आवाज आणि तार एकमेकांत गेले आणि तुला तुझा आवाज ऐकू येईना. तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. मला पट्टी बघायची होती.

जाताना तू "ताई" म्हणालीस. मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं.

आता पुढचं. तू कोपऱ्यावर वळलीस आणि मी बहिया मावशीला ते गीत ऐकवलं. ती बरं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. माझी पहिली ओळ संपली तशी तिने दुसरी सुरू केली. बस. त्यावरून मी ओळखलं.

ईस्टरच्या पहाटे कैरोची माणसं आली. पियानो दारातच होता, चाकाशिवाय तो हलेना, म्हणून दार बंद करता येईना. पाळकसाहेब हळू बोलत होते, म्हणजे ओळख. रेकॉर्डमधे एक टुकटुक रिक्षा आलीय आणि कोणाचा तरी कोंबडा. कोंबडा योग्य वेळी आला, मी म्हटलं, शास्त्रात आहे तो.

बाकीची गीतं नीट गेली. त्या काळ्या पट्टीला बोट लागलं नाही. एकदा लागणार होतं, हात आपोआप निघाला होता, मी तो मधेच खाली टाकला, दुसऱ्याच सुरावर पडला, आणि तो चांगला लागला! आता तसाच ठेवणार.

मग आजोबांचं. मी डाव्या हाताची पावलं सुरू केली. पहिल्या 'कोणी'ला कैरोच्या पोराने कानावरून यंत्र काढलं आणि हात वर केला, थांबा म्हणून. मी थांबले नाही. मंडळी गायला लागली होती. पहिल्या कडव्यात अर्धे लोक वर चढले, सवय आहे बिचाऱ्यांची. दुसऱ्या कडव्यात कमी. तिसऱ्याला सगळे खाली उतरले, त्या सुरावर, आणि तिथे राहिले. कोणी हसत नव्हतं. कोणी रडत नव्हतं. बाहेर उजाडत होतं आणि दार उघडं होतं. विदाद, मला पहिल्यांदा वाटलं की मी त्या बायांबरोबर चाललेय, आणि मलाही अजून माहीत नाही.

झाल्यावर तो पोरगा आला. नम्र होता. "मावशी, सुंदर झालं. फक्त एक पट्टी बेसूर आहे. काळजी करू नका, आम्ही ती नंतर यंत्रात सरळ करून घेऊ."

मी म्हटलं, "बाळा, माझ्या घरी तुर्शीची मोठी पिंपं आहेत. तू ती पट्टी सरळ केलीस तर तुझं यंत्र मी त्यात बुडवेन, सलगमाबरोबर, आणि पुढच्या ईस्टरला काढेन."

तो पाळकसाहेबांकडे बघायला लागला. मला वाटलं, गेलं आता. पाळकसाहेब म्हणाले, "तसंच राहू दे. माझ्या आजीने असंच म्हटलेलं ऐकलंय." असं इतके दिवस का नाही बोललास रे, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. सण होता.

पण पाळक तो पाळकच. उपासना संपल्यावर हागोपकाका सामान गोळा करत होते, तेव्हा पाळकसाहेब त्यांना म्हणाले, "झालं ना काम? आता तार जागेवर आणा."

मी म्हटलं, "ती जागेवरच आहे."

हागोपकाकांनी पेटी बंद केली आणि बायकोकडे जेवायला निघून गेले. जाताना मला मात्र एक सांगून गेले. ही तार तिच्या सवयीच्या ताणापेक्षा खाली आणलीय, ती तिथे स्वस्थ राहणार नाही. उन्हाळा गेला, हिवाळा गेला की हलणार. दर वर्षी पुन्हा लावावी लागेल. माझ्या कानाने लागणार नाही, हे तर झालंच आहे सिद्ध.

तर पुढच्या वर्षी, लाजरसच्या शनिवारी. पियानोचं चाक मी दुरुस्त करत नाही. तो दारातच राहील. पाळकसाहेबांना सांगितलंय, सुतार मिळत नाही. तू आत येऊ नकोस, शब्द दिलायस तर पाळ. मी तुला बोलावत नाहीये. तारेला तू लागतेस.

आणि येताना ती तेलाची बिस्किटं आण. कोंबड्यांना घातली असं मी लिहिलं होतं. अर्धीच घातली होती.

तुझी ताई
सामिहा